‘यादीत त्याचं नाव वर घाल’ म्हणणाऱ्या काकांना काय सांगू?

वाचकाचं पत्र, ओळख लपवून आणि थोडक्यात:

ताई, मी २८ वर्षांचा आहे. कोल्हापुरात वाढलो, पेठेतल्या तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळलो आणि पुढे डेटा सायन्स शिकायला अमेरिकेत आलो. सध्या मेजर लीग सॉकर (एमएलएस) या अमेरिकेतल्या फुटबॉल लीगमधल्या एका क्लबसाठी नवे खेळाडू हेरणारा हंगामी स्काउट म्हणून काम करतो. ऑगस्टअखेरीपासून कॉलेजांचे सामने बघायचे, रिपोर्ट लिहायचे आणि डिसेंबरच्या ड्राफ्टआधी, म्हणजे क्लब पाळीपाळीनं कॉलेजचे खेळाडू निवडतात त्याआधी, माझ्या भागातल्या खेळाडूंची क्रमवार यादी द्यायची. माझं कंत्राटही डिसेंबरपर्यंतच आहे. माझ्या भागातल्या एका कॉलेजात एक मराठी मुलगा तिसऱ्या वर्षाला आहे, विंगर म्हणून, म्हणजे मैदानाच्या कडेनं आक्रमण करत खेळतो. मी या देशात नवखा असताना त्याच्या आईवडिलांनी मला घरच्यासारखं सांभाळलं. गणपती, दिवाळी सगळं त्यांच्याकडेच. तो मला दादा म्हणतो. आता त्याचे वडील, म्हणजे काका, स्पष्टच म्हणाले, ‘तुझ्या हातात आहे, यादीत त्याचं नाव वर घाल. आपल्या पोरासाठी आपण नाही करायचं तर कुणी करायचं?’ पोरगा चांगला खेळतो. पण तो मला चांगला वाटतो की आपला वाटतो, हे माझं मलाच कळेनासं झालंय. त्यात महिन्यापूर्वी त्यानं मला एकट्याला सांगितलं, की सामन्यानंतर त्याचा गुडघा सुजतो आणि गोळ्या घेऊन तो खेळतोय. कोचला माहीत नाही, घरीही नाही. शिवाय तो वडिलांच्या व्हिसावर, म्हणजे एच-४ वर आहे आणि लवकरच २१ चा होईल. गुडघ्याचं लिहिलं तर विश्वासघात, लपवलं तर क्लबची फसवणूक, आणि नावच वगळलं तर कृतघ्नपणा. काय करू?

---

प्रिय मित्रा,

तुझ्या तिन्ही पर्यायांत एक गोष्ट तू गृहीत धरली आहेस: त्या मुलाचं पुढचं आयुष्य तुझ्या यादीतून जातं. काकांनी ते तुझ्या मनावर बिंबवलं आणि तूही मान्य केलंस. म्हणून गुडघ्याकडे येण्याआधी या ड्राफ्टचं वजन आज नेमकं किती आहे ते पाहू. तुला ते माझ्याइतकंच ठाऊक आहे, पण जेवणाच्या ताटावर कुणी गळ घातली की ठाऊक असलेलंही मागे पडतं.

सुपरड्राफ्ट, म्हणजे तुझ्या लीगचा हा ड्राफ्ट, २००० साली सुरू झाला तेव्हा अमेरिकी तरुणाला या लीगमध्ये शिरायचा तोच हमरस्ता होता. २००८ मध्ये ‘होमग्रोन’चा नियम आला. क्लबांनी स्वतःच्या अकादमीत वाढवलेल्या पोरांशी ड्राफ्टशिवाय थेट करार करायला सुरुवात केली. २०२२ पासून एमएलएस नेक्स्ट प्रो ही दुय्यम लीगही आहे. आज सतरा-अठरा वर्षांचा सगळ्यात चमकदार पोरगा बहुतेक वेळा कॉलेजात पाय ठेवण्याआधीच क्लबच्या हाताशी असतो. ड्राफ्टमध्ये ३० क्लब आणि ३ फेऱ्या, म्हणजे साधारण ९० नावं. आणि नाव पुकारलं म्हणजे करार झाला असं नाही. त्या खेळाडूशी बोलणी करण्याचा हक्क त्या क्लबला मिळाला, एवढाच त्याचा अर्थ. जानेवारीच्या सराव शिबिरात तो स्वतःला सिद्ध करतो, मग काहींना करार मिळतो, काहींना दुय्यम संघ दाखवला जातो, आणि बरेच जण सामान बांधून परत येतात.

क्रमांकाचं म्हणशील तर २००४ चा ड्राफ्ट आठव. पहिल्या क्रमांकावर १४ वर्षांचा फ्रेडी आडू होता आणि सगळे कॅमेरे त्याच्यावर. फर्मन विद्यापीठाचा क्लिंट डेम्प्सी आठवा निवडला गेला. पुढे इंग्लंडमध्ये नाव काढलं ते डेम्प्सीनं. २००५ मध्ये चिको स्टेट या दुसऱ्या श्रेणीतल्या कॉलेजचा ख्रिस वॉन्डोलोव्हस्की मुख्य ड्राफ्टमध्ये नव्हताच. पुरवणी ड्राफ्टमध्ये ४१ वा निवडला गेला, आणि आज लीगच्या इतिहासातले सर्वाधिक १७१ गोल त्याच्या नावावर आहेत. फेअरफिल्डचा गोलकीपर मॅट टर्नर २०१६ मध्ये कुणीच निवडला नाही. तो ट्रायल देऊन संघात शिरला आणि २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेच्या चारही सामन्यांत गोलपोस्टखाली तोच उभा होता.

काकांना माहीत नसलेली आणखी एक बाब आहे. ड्राफ्ट झालेल्या मुलाचे लीगमधले हक्क एकाच क्लबकडे जातात. तिथे त्याच्या जागेवर आधीच चार जण असले तरी दुसऱ्या क्लबकडे त्याला सहज जाता येत नाही. न निवडलेला मुलगा मात्र मोकळा असतो. ज्या क्लबला विंगरची खरी गरज आहे त्याच्याकडे तो ट्रायल मागू शकतो. तिसऱ्या फेरीत कुठेतरी नाव लागणं आणि अजिबात न लागणं यांत दुसरं बरं ठरल्याची उदाहरणं या खेळात आहेत. शिवाय हा मुलगा तिसऱ्या वर्षाला आहे. २०२४ च्या ड्राफ्टपासून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही निवडता येऊ लागलं, म्हणून हा प्रश्न यंदा उभा राहिला. त्याच्या हातात अजून एक पूर्ण हंगाम आहे. घाई काकांना आहे, मुलाला असायचं कारण नाही.

आता ‘चांगला वाटतो की आपला वाटतो’. तू हा प्रश्न स्वतःला विचारलास याचं मला मनापासून कौतुक वाटतं, कारण या धंद्यात पुष्कळ माणसं तो आयुष्यभर विचारत नाहीत. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर फुटबॉल बघत वाढलेल्या माणसाला वेगळं काय सांगू? आपल्या तालमीचा पोरगा पडला की फाउल असतो, समोरच्याचा पडला की नाटक. डोळा तोच असतो. काय लक्षात ठेवायचं, ते मन ठरवतं.

म्हणून आठवणीवर विसंबू नकोस. तुझे त्याच्यावरचे जुने रिपोर्ट काढ आणि त्याच जागेवर खेळणाऱ्या इतर तिघाचौघांच्या रिपोर्टशेजारी ठेव. विशेषणं मोज. त्याच्या चुकीला ‘धाडस’ आणि दुसऱ्याच्या तशाच चुकीला ‘घाई’ म्हटलं असशील तर उत्तर तिथेच मिळेल. उलटंही तपास. पक्षपाताचा आरोप नको म्हणून आपल्याच माणसाला जास्त कडक मोजणारे स्काउटही असतात, आणि तोही अन्यायच.

मग त्याचा एक पूर्ण सामना व्हिडिओवर असा बघ, की चेंडू त्याच्यापाशी नसताना तो काय करतो एवढंच टिपायचं. चेंडू गमावल्यावर पहिली तीन पावलं कुठे पडतात? मागचा फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, एकटा पडला की हा परत येतो का? चेंडू मिळण्याआधी खांद्यावरून मागे बघतो का? गोल आणि असिस्ट (गोलसाठी दिलेले पास) कॉलेजच्या फुटबॉलमध्ये फार फसवतात. तिथे बाहेर गेलेला खेळाडू दुसऱ्या अर्धात एकदा परत मैदानात येऊ शकतो, त्यामुळे ताज्या पायांनी दमलेल्या बचावाला चकवणारे विंगर पुष्कळ दिसतात. व्यावसायिक सामन्यात ही सोय नाही. तीन-साडेतीन महिन्यांत सगळा हंगाम कोंबलेला, आठवड्याला दोन सामने, कधी कृत्रिम गवत, कधी चिखल. आणि वय! युरोपातून आलेला २३ वर्षांचा गडी १८ वर्षांच्या पोरांना खांद्यानं बाजूला सारतो तेव्हा ते कौशल्य असतं की नुसतं वय, हे स्काउटनं ओळखायलाच हवं. तुझा मुलगा २० चा आहे. त्याच्यासमोरचा फुलबॅक कोण होता, किती वयाचा होता, हे प्रत्येक नोंदीपुढे लिहून बघ.

आणि त्याच्याकडे फक्त विंगर म्हणून बघू नकोस. कॉलेजचे आक्रमक खेळाडू पुढे वेगळ्याच जागी रुजतात. अ‍ॅक्रनचा रिची लारिया २०१६ मध्ये मिडफिल्डर म्हणून निवडला गेला आणि नाव कमावलं ते फुलबॅक म्हणून, कॅनडाच्या राष्ट्रीय संघापर्यंत. तुझ्या मुलाला मागे धावायची आवड आणि दम असेल तर ती त्याच्या गोलांपेक्षा मोलाची नोंद आहे. नसेल, तर तेही लिहायला हवं.

हे सगळं केलंस तरी माझं मत ठाम आहे: त्याच्या नावापुढचा अंतिम क्रमांक तू लावू नयेस. तुझ्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही. पण ज्या घरचं तू जेवलास त्या घरच्या मुलाचा क्रमांक तू लावलास, तर तो वर असो की खाली, कुणालाच पटणार नाही. क्लबला कधीतरी नातं कळलं तर तुझ्या बाकीच्या सगळ्या रिपोर्टवर सावली पडेल, आणि त्या रिपोर्टांत इतर कुणाकुणाची मुलं आहेत. तुझ्या वरिष्ठांना दोन ओळी लिही: ‘या खेळाडूच्या कुटुंबाशी माझे घरगुती संबंध आहेत. माझी निरीक्षणं नोंदवली आहेत, पण क्रमवारी दुसऱ्या कुणीतरी त्याला बघून ठरवावी.’ एवढंच. माफी नको, लांबलचक खुलासा नको. यानं मुलाचं नुकसान होत नाही. उलट दुसरा स्काउट निदान त्याचा एखादा पूर्ण सामना नीट बघेल, हे तू पक्कं करतोस. कितीतरी मुलांच्या वाट्याला तेवढंही येत नाही.

गुडघ्याचा पेचही याच दोन ओळींनी बराचसा सुटतो. तू जर त्याची शिफारस करणार असशील आणि गुडघ्याबद्दल गप्प राहणार असशील, तर ती क्लबची फसवणूक आहे, तिला दुसरं नाव नाही. पण क्रमवारीतून तू बाजूला झालास, की विश्वासानं सांगितलेली गोष्ट रिपोर्टमध्ये लिहायचं बंधन तुझ्यावर उरत नाही. त्यानं ती स्काउटला सांगितलेली नाही, दादाला सांगितली आहे. कुणाच्या शरीराची माहिती त्याला न विचारता कागदावर घालायची नाही. ‘तंदुरुस्त’ असा शब्दही मग तुझ्या लेखणीतून जाता कामा नये. वरिष्ठांनी थेट विचारलंच तर खोटं बोलू नकोस. ‘तब्येतीचं त्याच्याकडून आणि त्याच्या संघाच्या डॉक्टरांकडूनच घ्या,’ असं सांग.

पण मला खरी काळजी रिपोर्टची नाही. वीस वर्षांचा मुलगा सुजलेल्या गुडघ्यावर गोळ्या घेऊन दर आठवड्याला दोन सामने खेळतोय आणि हे फक्त एका माणसाला माहीत आहे. तुझ्या पत्रात विश्वासघात, फसवणूक, कृतघ्नपणा हे तीन शब्द आहेत. त्या गुडघ्याचं काय होईल याबद्दल एकही ओळ नाही. मी हे तुला दुखवायला लिहीत नाही. दडपणाखाली माणसाला स्वतःचाच पेच तेवढा दिसतो, हे मी समजू शकते. पण सूज म्हणजे आत काहीतरी बिघडलंय. कूर्चा असेल, लिगामेंट असेल, कदाचित फक्त अतिश्रम असतील. तपासल्याशिवाय कुणालाच कळणार नाही. वेदनाशामक गोळी वेदना झाकते, आणि झाकलेल्या वेदनेवर खेळलेला प्रत्येक सामना दुखणं वाढवू शकतो. त्याला हेही कळू दे, की लपवून त्याचा काडीचाही फायदा नाही. कुठलाही क्लब करार करण्याआधी वैद्यकीय तपासणी करतो. एमआरआयमध्ये बहुतेक सगळं दिसतं. दुखापत आधी सांगून उपचार घेतलेल्या मुलाला क्लब थांबून बघतात. जानेवारीत उघडी पडलेली लपवलेली दुखापत मात्र खेळाडूवरचा विश्वासच घालवते.

तेव्हा या आठवड्यात त्याला भेट. घरी नको, बाहेर. त्याला सांग, ‘मी हे कुणाला सांगितलेलं नाही. पण तू संघाच्या, दुखापती बघणाऱ्या ट्रेनरकडे जायचंस, मी सोबत येतो.’ संघाच्या डॉक्टरांना दाखवणं हे कोचकडे तक्रार करण्यासारखं आहे असं त्याला वाटत असेल, बऱ्याच मुलांना वाटतं. दोन सामने बसावं लागेल, कदाचित हंगामही जाईल, हे खरं आहे. ते त्याच्यापासून लपवू नकोस. तो नाहीच म्हणाला, तर आईवडिलांना सांगण्याची मुदत त्याला दे आणि ती मुदत पाळ. तो सज्ञान आहे, शेवटचा निर्णय त्याचा. पण गोळ्यांच्या आधारानं खेळणाऱ्या मुलाच्या बाबतीत गप्प राहणं म्हणजे दादापण नव्हे.

आता व्हिसा. काकांनी याकडे बहुधा काणाडोळा केलाय. २१ पूर्ण झाले की मुलगा एच-४ वर राहू शकत नाही, त्याला स्वतःचा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. या दोन्हींवर क्लबशी पगारी करार तसाच करता येत नाही. क्लबला त्याच्यासाठी खेळाडूंचा वेगळा व्हिसा काढावा लागेल. त्यापेक्षा मोठी अडचण संघातल्या जागांची. लीगमध्ये प्रत्येक क्लबला मुळात आठच आंतरराष्ट्रीय, म्हणजे परदेशी खेळाडूंसाठीच्या, जागा मिळतात आणि क्लब त्या एकमेकांकडून विकत घेतात. ग्रीन कार्ड असलेला खेळाडू अमेरिकी क्लबात देशी धरला जातो. हा मुलगा सहाव्या वर्षापासून इथल्या शाळेत शिकला असला, तरी नियमाच्या लेखी तो परदेशीच. कॉलेजातल्या विंगरसाठी ती मौल्यवान जागा खर्च करायची, तर तो इतरांपेक्षा ठळकपणे उजवा असावा लागतो. हा त्याच्या गुणवत्तेवरचा शेरा नाही. भारतीयांसाठी ग्रीन कार्डची रांग दशकाहून लांब आहे आणि त्याची किंमत अशा मुलांना मोजावी लागते, याचा मला संताप येतो. पण काकांना हे माहीत असायलाच हवं, नाहीतर ‘नाव लागलं नाही’ याचा दोष ते मुलाच्या खेळाला देतील, किंवा तुला.

त्याच पासपोर्टनं एक दार उघडतंही. भारतात तो देशी खेळाडू आहे. भारताच्या राष्ट्रीय संघाकडून फक्त भारतीय नागरिकच खेळू शकतो, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर खेळता येत नाही. म्हणजे परदेशात वाढलेल्या कितीतरी भारतीय वंशाच्या मुलांना जे मिळत नाही ते याच्याकडे जन्मापासून आहे. ग्रीन कार्ड मिळालं तरी ते राहतं, अमेरिकी नागरिकत्व घेतलं की जातं. तुझ्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ चा १७ वर्षांखालील वर्ल्ड कप भारताकडून खेळला आणि पुढे आयएसएल या भारतातल्या व्यावसायिक लीगमध्ये गेला. सुनील छेत्रीनं २०१० मध्ये कॅन्सस सिटीच्या क्लबात येऊन बघितलं, फारशी संधी मिळाली नाही, तो परतला आणि पुढे भारताचा कर्णधार नि सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. मी हे गुलाबी रंगवत नाही. भारतीय फुटबॉलची घडी विस्कटलेली आहे, २०२५-२६ चा आयएसएल हंगाम वेळेवर सुरूसुद्धा झाला नाही. तरी पदवी हातात घेऊन मुंबई सिटी किंवा एफसी गोवासारख्या क्लबकडे ट्रायल मागणं हा या मुलासाठी खरा पर्याय आहे. त्याच्याशी आजवर कुणी याबद्दल बोललं असेल असं वाटत नाही.

काकांशी बोलशील तेव्हा मुलाला समोर बसव, कारण हे त्याच्या आयुष्याबद्दल आहे आणि दोन मोठ्या माणसांनी त्याच्या पाठीमागे ठरवण्यासारखं नाही. गुडघ्याचा विषय मात्र त्यानं स्वतः काढल्याशिवाय काढू नकोस. आडपडदा न ठेवता सांग: ‘काका, तुमच्या घरचं मीठ खाल्लंय, म्हणूनच त्याचा क्रमांक मी लावणार नाही. दुसरा माणूस येऊन बघेल. पण त्याच्या खेळाचं जे खरं मला दिसतं, ते मी त्याला बसून सांगेन, आणि हवं तेवढा वेळ देईन.’ ते रागावतील. कदाचित या दिवाळीला फराळाचं बोलावणं येणार नाही. ते तुला लागेल, आणि लागू दे. त्यांनी नवख्या मुलाला घर दिलं ते काही परतफेडीच्या हिशोबानं दिलं नव्हतं, हे राग ओसरल्यावर त्यांनाच आठवेल असा माझा अंदाज आहे. काकूंशी वेगळं बोल. पत्रात तू त्यांचं मत कुठेच लिहिलेलं नाहीस, आणि मुलाचा गुडघा त्यांच्या नजरेतून सुटला असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

तुझ्या कंत्राटाबद्दल थोडंच लिहिते. एखादा लपलेला हिरा शोधून दिला तर डिसेंबरनंतरही ठेवतील, असं पत्राच्या ओळीओळींतून जाणवतं. स्काउटला ठेवतात ते त्याच्या ‘नको’वर विश्वास बसतो म्हणून. शंभर खेळाडूंपैकी पंचाण्णवांना तो नको म्हणतो, आणि ते नको नीट कारणांसकट लिहिलेलं असेल तर क्लबचा वेळ नि पैसा वाचतो. नातं आधी सांगणारा माणूस हातचा घालवू नये, एवढं कुठल्याही शहाण्या वरिष्ठाला कळतं. न कळलं, तर तो अनुभव आणि ते रिपोर्ट घेऊन तू दुसरीकडे जाऊ शकतोस.

असंच पत्र लिहू पाहणाऱ्या इतर पालकांसाठीही थोडं. ओळखीतला स्काउट शोधू नका. मुलाच्या कोचला सांगा, क्लबांशी बोलणं हे त्यांचं कामच आहे. क्लबला पाठवायचंच असेल तर गाणं लावलेली दोन मिनिटांची क्लिप नको, दोन पूर्ण सामन्यांचा व्हिडिओ द्या, त्यात एक संघ हरलेला असू दे. व्यावसायिक करारासाठी एजंटशी काहीही लिहून देण्याआधी कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे खेळाडूंचे नियम बघणाऱ्या कार्यालयाला, विचारा, नाहीतर कॉलेजात खेळण्याची पात्रता जाऊ शकते. व्हिसाचं काम इमिग्रेशनच्या वकिलाकडूनच समजून घ्या, मंडळातल्या ओळखीच्यांकडून नको. आणि पदवी पूर्ण होऊ द्या.

मित्रा, नोव्हेंबरात कॉन्फरन्सचे, म्हणजे कॉलेजांच्या गटांचे, बाद फेरीचे सामने सुरू होतील. त्याआधी वरिष्ठांना ती दोन ओळींची मेल गेली पाहिजे, म्हणजे दुसऱ्या स्काउटला त्याला प्रत्यक्ष बघायला वेळ मिळेल. पण तिच्याही आधी मुलाला भेट आणि ट्रेनरची वेळ घे. त्याला विश्रांती सांगितली आणि या हंगामात कुणालाच तो बघता आला नाही, तर पुढच्या ऑगस्टमध्ये बघतील.

तुझी,
ताई